टिअरड्रॉप ट्रेलरला किती ताकदीचा अ‍ॅक्सल हवा?

अमेरिकेत लोक घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने बांधतात अशा वाहनांमध्ये टिअरड्रॉप ट्रेलरचा मान फार जुना आहे. बाजूने पाहिले तर आकार अश्रूच्या थेंबासारखा, पुढे फुगीर आणि मागे निमुळता. आत दोघांना आडवे होण्यापुरती जागा असते आणि मागचे झाकण वर उचलले की छोटेसे स्वयंपाकघर उघडते. १९३० च्या दशकात हे ट्रेलर दिसू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर हौशी कारागिरांच्या मासिकांत त्यांचे आराखडे छापून आले आणि अनेक कुटुंबांनी ते पाहून आपापले ट्रेलर उभे केले. मापे बहुतेक वेळा ४ बाय ८ किंवा ५ बाय ८ फुटांची, कारण प्लायवूडचा अख्खा तुकडा ४ बाय ८ फुटांचा मिळतो आणि हौशी माणूस त्याच मापात विचार करतो.

बांधणारा माणूस दारे, खिडक्या, लाकडाची चमक, स्वयंपाकघरातले कप्पे यांवर महिनोन् महिने जीव लावतो. अ‍ॅक्सल (दोन चाके ज्यावर बसतात तो आडवा दांडा) मात्र पुष्कळदा दुकानात समोर दिसेल तो उचलला जातो. अमेरिकेतल्या ट्रेलरच्या दुकानांत दोन अ‍ॅक्सल सहज मिळतात: २००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलो पेलणारा, आणि ३५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे १५८८ किलो पेलणारा. दोघांच्या किमतीत फारसा फरक नसतो. मग मनात येते, भक्कम घेतलेला बरा. हा विचार स्वाभाविक आहे, पण पाचशे किलोच्या ट्रेलरसाठी चुकीचा आहे. का, ते पाहण्यासाठी आधी ते पाचशे किलो कुठून येतात हे पाहावे लागते.

वजन आधी कागदावर

बर्च प्लायवूडची घनता घनमीटरला साधारण ६८० किलो धरली, तर १८ मिलिमीटर जाडीचा ४ बाय ८ फुटांचा तुकडा ३६ किलोंच्या आसपास भरतो. १२ मिलिमीटरचा २४ किलो, ६ मिलिमीटरचा १२ किलो. बाजूच्या दोन भिंती सबंध १८ मिलिमीटर प्लायवूडच्या कापल्या, तर नुसत्या भिंतीच साठ किलोंच्या घरात जातात. त्याऐवजी लाकडी पट्ट्यांची चौकट, मध्ये फोमचा थर आणि दोन्हीकडे पातळ प्लायवूड अशी भिंत केली, तर वजन बरेच उतरते आणि रात्री आत ऊबही राहते. सांगाड्यासाठी ५० बाय ५० मिलिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची चौकोनी पोलादी नळी वापरली, तर दर मीटरला जवळजवळ साडेचार किलो मोजावे लागतात. वरून मढवायचा एक मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चौरस मीटरला २.७ किलो.

हे झाले रिकाम्या ट्रेलरचे. रस्त्यावर जो धावतो तो भरलेला असतो. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी तीस किलोंच्या जवळ जाते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेटची बारा किलोंच्या आसपास. पाणी लिटरला एक किलो. बर्फाने भरलेली पेटी, शेगडी, गॅसचा सिलिंडर, भांडी, गादी, कपडे, खुर्च्या, जादा चाक हे सगळे या हिशेबात हवे. एकेक वस्तू वजनकाट्यावर ठेवून वहीत लिहायची सवय सुरुवातीपासूनच लावून घ्यावी, कारण गोंद, स्क्रू, रंग, वायरी यांचे वजन कोणी लिहीत नाही आणि शेवटी तेच डोक्यावर बसते. घरी बांधलेला ट्रेलर ठरवल्यापेक्षा हलका झाल्याचे क्वचितच ऐकू येते.

एक नमुन्याचा हिशेब करू. ५ बाय ८ फुटांचा ट्रेलर घेऊ. दांडीच्या टोकापासून, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीच्या गोळ्यावर, बॉलवर, बसणाऱ्या कपलरपासून, सगळी अंतरे मोजू. खोके १.२ मीटरवर सुरू होते आणि ३.६५ मीटरवर संपते. सांगाडा ९० किलो, त्याचा मध्य १.९ मीटरवर. अ‍ॅक्सल आणि चाके मिळून ७५ किलो, २.७५ मीटरवर. तळ, भिंती, छत मिळून १३० किलो, २.४५ मीटरवर. मागचे स्वयंपाकघर पाणी, बर्फ, शेगडीसह ११५ किलो, ३.३५ मीटरवर. आतली गादी आणि सामान ६५ किलो, २.०५ मीटरवर. दांडीवरच्या पेटीत बॅटरी आणि जादा चाक ४३ किलो, ०.९५ मीटरवर. बेरीज ५१८ किलो. प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणून बेरीज केली आणि ५१८ ने भागले की गुरुत्वमध्य निघतो: सुमारे २.४२ मीटर. अ‍ॅक्सलच्या पुढे ३३ सेंटिमीटर. त्यामुळे दांडीवर सुमारे ६२ किलो येतात आणि उरलेले ४५६ किलो चाके उचलतात.

ताठ अ‍ॅक्सलचा त्रास

आता अ‍ॅक्सलकडे येऊ. अ‍ॅक्सलची क्षमता फक्त मोडण्याची मर्यादा सांगत नाही. त्याच्या स्प्रिंगा किती ताठ आहेत हेही बव्हंशी तीच ठरवते. समजा दोन अ‍ॅक्सल आहेत, एक १५८८ किलोंचा आणि एक ६०० किलोंचा, आणि पूर्ण भाराखाली दोघांच्याही स्प्रिंगा ७५ मिलिमीटर दबतात. आपल्या ट्रेलरमध्ये चाके व अ‍ॅक्सल वगळून स्प्रिंगवर खरोखर बसणारे वजन सुमारे ३८० किलो. एवढ्या वजनाने पहिल्याच्या स्प्रिंगा जेमतेम १८ मिलिमीटर दबतील, दुसऱ्याच्या ४७ मिलिमीटरच्या वर.

या फरकाचा अर्थ खड्ड्यात कळतो. रस्त्यात ३० मिलिमीटर खोल खड्डा आला, तर स्प्रिंग आपला दाब सोडत चाकाला खाली ढकलते. ४७ मिलिमीटर दबलेली स्प्रिंग चाकाला खड्ड्याच्या तळापर्यंत पोचवू शकते. १८ मिलिमीटर दबलेल्या स्प्रिंगकडे सोडायला तेवढे अंतरच नसते. चाक क्षणभर हवेत लटकते आणि मग सबंध ट्रेलर त्यावर आदळतो. उंचवट्यावर उलटे होते: तेवढ्याच उंचवट्यासाठी ताठ अ‍ॅक्सल ट्रेलरला अडीच पटींहून अधिक जोराने वर फेकतो. दबलेल्या अंतरावरून स्प्रिंगची नैसर्गिक वारंवारता काढता येते. ४७ मिलिमीटरला ती सेकंदाला सुमारे २.३ हेलकावे, १८ मिलिमीटरला सुमारे ३.७. प्रवासी मोटारी एक ते दीडच्या आसपास ठेवतात. टायरची लवचिकता या हिशेबात धरलेली नाही, पण दिशा तीच राहते.

अशा ताठ अ‍ॅक्सलवर हजार किलोमीटर धावलेल्या ट्रेलरमध्ये कपाटांचे सांधे खिळखिळे होतात, स्क्रू सुटतात, छताच्या जोडातून पाणी गळू लागते. खर्च करून घेतलेली जास्तीची ताकद अशी ट्रेलरलाच खाते. म्हणून मी म्हणेन की अ‍ॅक्सल चाकांवर येणाऱ्या भरलेल्या वजनापेक्षा वीस ते तीस टक्के जास्त पेलणारा घ्यावा, त्याहून फार वर जाऊ नये. आपल्या उदाहरणात ४५६ चे ५९३ होतात, म्हणजे ६०० किलोंचा अ‍ॅक्सल पुरे.

पण दुकानात ६०० किलोंचा अ‍ॅक्सल कुठे असतो? इथे रबरी टॉर्शन अ‍ॅक्सल कामी येतो. पोलादी चौकोनी नळीच्या आत एक लहान चौकोनी दांडा ४५ अंश फिरवून बसवलेला असतो आणि चार कोपऱ्यांत रबराच्या दोऱ्या दाबून भरलेल्या असतात. चाकाचा हात वर उचलला की आतला दांडा पिळला जातो आणि रबर चिरडले जाते, तीच स्प्रिंग. रबर स्वतःच काही ऊर्जा उष्णतेत घालवते, त्यामुळे हेलकावे लवकर शमतात. आणि महत्त्वाचे म्हणजे कारखान्याला सांगितले तर तेच हब (चाक ज्यावर बसते तो भाग), तीच नळी ठेवून रबर मात्र कमी भारासाठी भरून देतात. फक्त या नळीला सांगाड्यावर बेफाम वेल्डिंग करता येत नाही, उष्णतेने रबर खराब होते. कारखान्याने दिलेल्या ब्रॅकेटला बोल्टने बसवणे उत्तम.

दुसरा पर्याय टेम्पो-ट्रकला असतात तसे कमानपाटे. ते स्वस्त असतात, कुठल्याही गावात बदलून मिळतात, आणि जास्त वजनाचे बसवले असतील तर पुढे हलके पाटे आणून घालता येतात. दूरच्या कच्च्या रस्त्यांवर जाणाऱ्याने पाट्यांचा विचार जरूर करावा. गुळगुळीत महामार्गावर धावणाऱ्या हलक्या ट्रेलरला मात्र वजनाबरहुकूम मागवलेला टॉर्शन अ‍ॅक्सल मला जास्त पटतो.

अ‍ॅक्सल, स्प्रिंग, हब आणि टायर यांत जो सर्वांत दुबळा, तीच सबंध जोडणीची क्षमता, हे इथेच लिहून ठेवतो. ब्रेकचा नियम राज्याराज्यांत वेगळा आहे. कॅलिफोर्नियात कॅम्पिंगच्या ट्रेलरचे भरलेले वजन १५०० पौंड, म्हणजे ६८० किलो झाले, की ब्रेक बंधनकारक होतात. त्या आकड्याच्या जवळ जाणाऱ्याने ब्रेक बसवता येतील असा अ‍ॅक्सल पहिल्यापासूनच मागवावा.

अ‍ॅक्सल कुठे बसवायचा

योग्य अ‍ॅक्सल चुकीच्या जागी बसवला तर मात्र धोका थेट जिवाचा असतो. आपल्याकडे बैलगाडी भरणारा शेतकरी हे पुस्तकाशिवाय जाणतो: माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, म्हणून तो पोती थोडी पुढे सरकवतो. ट्रेलरचेही गणित तेच, फक्त वेग ताशी शंभर किलोमीटरचा. आपल्या उदाहरणातला अ‍ॅक्सल खोक्याच्या बरोबर मध्यावर, २.४२५ मीटरवर सरकवला, तर दांडीवरचा भार ६२ किलोंवरून साडेदहा किलोंवर येतो, एकूण वजनाच्या अवघे दोन टक्के. टिअरड्रॉपचे स्वयंपाकघर मागे असल्यामुळेच हे घडते. डोळ्यांना मध्यावर बसवलेली चाके शोभून दिसतात, पण ती जागा घातक आहे.

दांडीवर भार कमी पडला की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. बाजूने जाणाऱ्या ट्रकच्या हवेचा झोत किंवा स्टिअरिंगचा हलका झटका पुरतो. कमी वेगात टायर हे डोलणे आपोआप शमवतात. वेग वाढत जातो तसे शमन घटत जाते, आणि एका वेगापलीकडे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. तिथून गाडी वाचवणे फार अवघड. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावे, गाडीचा ब्रेक जोरात दाबू नये.

अमेरिकेत दांडीवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार ठेवण्याचा प्रघात आहे. युरोपात याच्या निम्म्याच्या आसपास चालवून घेतात. यामागे वेग हे एक मोठे कारण आहे: जर्मनीत ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीला सामान्यतः ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, विशेष परवानगीने १००. वाटेल तितका भारही चालत नाही. मोटारीच्या चाकांमधले अंतर २.७ मीटर आणि बॉल मागच्या चाकांच्या एक मीटर मागे असेल, तर ६२ किलोंमुळे मागच्या चाकांवर ८५ किलो वाढतात आणि पुढच्यांवरचे २३ किलो कमी होतात. स्टिअरिंग पुढच्या चाकांनीच होते, म्हणून मोटारीच्या निर्मात्याने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नये.

एक सूक्ष्म गोष्ट उरते. दांडीवरची ४३ किलोंची पेटी कोणी मागच्या स्वयंपाकघरात हलवली, तर भार ६२ वरून २४ किलोंवर उतरतो. एकूण वजन एक किलोनेही बदललेले नसते. उलट मागे फार जड सामान ठेवून पुढे तितकेच जड ठेवले, तर काट्यावर आकडा छान येतो, पण दोन्ही टोकांना वजन असलेला ट्रेलर एकदा डोलू लागला की थांबायला तयार होत नाही, कारण त्याचे जडत्व वाढलेले असते. म्हणून जड वस्तू शक्यतो अ‍ॅक्सलच्या आसपास, खाली ठेवाव्यात. पाण्याची टाकी तर नेमकी अ‍ॅक्सलवर बसवावी, म्हणजे ती भरली काय आणि रिकामी झाली काय, दांडीवरचा भार तसाच राहतो.

अडचण अशी की सांगाडा आधी लागतो आणि खरे वजन शेवटी कळते. यावर उपाय म्हणजे अ‍ॅक्सलच्या ब्रॅकेटसाठी सांगाड्यात मागे-पुढे जास्तीची छिद्रे ठेवणे आणि भिंती उभ्या राहिल्यावर, सामान भरून, दांडीचा भार मोजणे. साठ-सत्तर किलोंसाठी घरातला वजनकाटा पुरतो. फक्त सपाट जमिनीवर, ओढताना जितकी असेल तितक्याच उंचीवर कपलर ठेवून, त्याखाली लाकडाचा ठोकळा घेऊन वजन घ्यावे. दांडी वर-खाली झाली की आकडाही थोडा हलतो. त्यानंतर पूर्ण तयारीनिशी ट्रकच्या वजनकाट्यावर जावे. चाकांवरचा आकडा वहीतल्या आकड्यापेक्षा वीस-तीस किलोंनी जास्त निघाला, तर अ‍ॅक्सलमध्ये ठेवलेली तीस टक्क्यांची सवड तो पेलते. शंभर किलोंनी जास्त निघाला, तर ती सवड बरीचशी संपलेली असते, आणि पहिल्या लांब प्रवासाआधी स्वयंपाकघर रिकामे करून पुन्हा मोजायला हवे.