रायफलचा परवाना: अर्ज अडतो तो बोअरच्या रकान्यात

रायफल क्लबातल्या नव्या सभासदांचे अर्ज भरायला मी मदत करतो, त्यामुळे नामंजूर होऊन परत आलेले कागद बरेच पाहिले आहेत. फोटो चुकला, सही राहिली म्हणून अडलेले त्यात थोडेच. बहुतेक अर्ज पडतात ते दोन रकान्यांचा मेळ न बसल्यामुळे: परवाना कशासाठी हवा आणि हत्यार कोणतं हवं. एका रकान्यात ‘नेमबाजी व शिकार’ आणि दुसऱ्यात व्हिडिओत आवडलेल्या कुठल्यातरी रायफलचा बोअर, म्हणजे नळीच्या आतलं माप, लिहिलेला असतो. टेबलावरचा माणूस त्यावर ‘प्रयोजन स्पष्ट नाही’ असा शेरा मारतो आणि माणसाचे सहा महिने जातात.

म्हणून बोअर शेवटी ठरवा, आधी प्रयोजन ठरवा.

‘शिकार’ हा शब्द अर्जात लिहूच नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने अनुसूचीतल्या वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी घातली आहे, आणि हौसेच्या शिकारीसाठी परवानगी देण्याची सोय कायद्यात नाही. हरणाला कोणता बोअर चांगला, डुकराला कोणता, या चर्चा जिथे शिकार कायदेशीर आहे तिथल्या लोकांसाठी असतात. त्या वाचून इथला अर्ज भरला की तो तिथेच संपतो.

शेतकऱ्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि सगळ्यात जास्त हेलपाटे त्यांनाच पडतात. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) पीक झोपवतात, म्हणून ते रायफल मागतात. पण शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम १३ पीक संरक्षणासाठी ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीचं नाव घेतं. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे बारा बोअरसारखी, देता येते. रायफलच्या नळीला आतून पिळाच्या खाचा असतात, म्हणून ती या वाटेवर येतच नाही. तेव्हा सातबारा, पिकाच्या नुकसानीचे पंचनामे आणि ठासणीची बंदूक का पुरत नाही याचं साध्या भाषेतलं कारण, एवढं जोडून बारा बोअर मागा.

आणि हे नीट ध्यानात घ्या: बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. ती वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वन खात्याकडून वेगळी घ्यावी लागते. पहिला कागद हातात आला म्हणून दुसऱ्याची वाट न पाहता बार उडवलेल्या माणसाची बंदूकही जाते आणि त्याच्यावर गुन्हाही दाखल होतो. असं झालेलं घर मी पाहिलं आहे. कोर्टाच्या तारखांपायी त्यांच्या शेताचे दोन हंगाम गेले.

आता नेमबाजी. आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: परवाना खरंच लागतो का? १० मीटर एअर रायफल ४.५ मिमी म्हणजे .१७७ इंचाची असते. नळी एवढीच असेल आणि नळीतून सुटणाऱ्या छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल, तर परवान्याची गरज नाही. ‘थोडी मोठी घेऊ’ म्हणून ५.५ मिमीची एअर रायफल मागवणारे मात्र अडकतात, कारण ४.५ च्या वरची नळी परवान्याच्या कक्षेत येते. दुकानदार ‘छर्र्याचीच तर आहे’ म्हणतो, त्याच्या शब्दावर जाऊ नका.

बोलण्यातला गोंधळही इथूनच सुरू होतो. या ५.५ मिमीच्या एअर रायफललाही लोक ‘पॉइंट टू टू’ म्हणतात आणि ५० मीटरच्या स्पर्धेतल्या काडतुसाच्या रायफललाही. स्पर्धेतली रायफल .२२ लाँग रायफल हे रिमफायर काडतूस वापरते. त्यात कॅपची दारू बुडाच्या कडेत असते आणि पिन कडेवर आपटते. .२२३ हे तर तिसरंच काडतूस. आकडा जवळचा दिसतो, पण ते सेंटरफायर आहे, म्हणजे पिन बुडाच्या मधोमध आपटते, त्यात दारू कितीतरी जास्त आणि गोळीचा वेग सुमारे तिप्पट. अर्जात नुसतं ‘.२२’ लिहू नका. ‘.२२ लाँग रायफल, रिमफायर, ५० मीटर लक्ष्यनेमबाजीसाठी’ असं पूर्ण लिहा. या एका ओळीने वाचलेले अर्ज मी मोजलेले नाहीत, पण खूप आहेत.

पहिली रायफल .२२ चीच घ्या, हे मी सभासदाला दरवेळी सांगतो. धक्का जवळपास नसतो, त्यामुळे ट्रिगर ओढताना डोळा मिटायची खोड लागत नाही, आणि काडतूस मोठ्या बोअरपेक्षा बरंच स्वस्त पडतं, म्हणजे सराव जास्त होतो. कायदाही इथे तुमच्या बाजूचा आहे. केंद्र सरकारने परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबच्या सभासदाला लक्ष्यनेमबाजीसाठी .२२ रायफलचा परवाना द्यावा असं शस्त्र अधिनियमाचं कलम १३ म्हणतं. ठोस कारण असेल तर कलम १४ खाली नकार येऊ शकतो, पण ‘गरज काय?’ हा प्रश्न इथे टिकत नाही. एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रं ही २०१९ च्या दुरुस्तीची मर्यादाही अशा सभासदाच्या सरावाच्या .२२ ला लागू नाही.

अट ‘मान्यता दिलेल्या’ या शब्दांत आहे. कोपऱ्यावरच्या खाजगी अकॅडमीचं प्रमाणपत्र कितीही देखणं असलं तरी ते क्लबचं सभासदत्व ठरत नाही. फी भरण्यापूर्वी क्लबच्या मान्यतेच्या पत्राची प्रत मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथे पैसे भरू नका.

मोठ्या बोअरकडे वळणारे हमखास .३०८ लिहितात. ते काडतूस आणि लष्कराचं ७.६२ x ५१ हे मापाने जुळे आहेत. एकाच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसायच्या जागेत, दुसरं बसतं. शस्त्र नियम, २०१६ च्या अनुसूचीनुसार लष्करी .३०३ किंवा ७.६२ चं काडतूस ज्यात बसतं आणि उडतं अशी रायफल प्रतिबंधित बोअरची ठरते, मग ती दर बाराला हाताने बोल्ट ओढायची साधी रायफल का असेना. असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या हातातच नसतो, तो केंद्रीय गृह मंत्रालयाचा विषय आहे. आजोबांची .३०३ होती म्हणून तीच मागणाऱ्यांनाही हेच लागू.

आपल्याकडे .३१५ एवढी दिसते ती याच नियमामुळे. ईशापूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल अशा काडतुसावर बनली की लष्करी गोळी तिच्यात चालू नये. .३०-०६ ची गोळी ७.६२ इतक्याच जाडीची, पण काडतुसाचं नळकांडं ५१ ऐवजी ६३ मिमी लांब, म्हणून तीही प्रतिबंधित वर्गात जात नाही. बोअरचा आकडा पाहून वर्ग ठरत नाही, चेंबरमध्ये काय बसतं त्यावर ठरतो. मात्र मोठ्या बोअरच्या सरावासाठी रेंजही तशी लागते. तुमच्या क्लबाची रेंज ५० मीटरची असेल, तर ‘सराव कुठे करणार?’ या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल.

कागदपत्रांपैकी नेहमीचे एका ओळीत: ए-१ नमुन्यातला अर्ज, पांढऱ्या पार्श्वभूमीचे चार फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, हत्यार सुरक्षित ठेवण्याची एस-२ मधली हमी. वय २१ पूर्ण हवं.

अडवणारे कागद दोन. एक, एस-३ वैद्यकीय प्रमाणपत्र. ‘शारीरिकदृष्ट्या तंदुरुस्त’ एवढंच लिहिलेलं चालत नाही. मानसिक आरोग्याचा उल्लेख आणि अमली किंवा मादक पदार्थांचं व्यसन नाही हे वाक्य त्यात हवंच. नमुना छापून डॉक्टरांपुढे ठेवा. दोन, एस-१, म्हणजे शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. हे जवळजवळ कोणाकडेच नसतं आणि फाइल वर गेल्यावर आठवतं. अर्जाआधी ते घेऊन ठेवा.

एक अट अर्जदाराला कोणी सांगतच नाही. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसहमती लागते, वन्यजीव कायद्याचं कलम ३४. राष्ट्रीय उद्यानालाही तेच. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान मुंबईतच आहे, कर्नाळा पनवेलजवळ, तेव्हा ही अट रानातल्या गावांपुरती नाही. एका मुलीची फाइल याच कारणाने आठ महिने पडून होती आणि खिडकीवर तिला दरवेळी ‘प्रक्रियेत आहे’ एवढंच सांगत होते. सहमतीसाठी पत्र गेलं का, त्याचा जावक क्रमांक काय, हे पहिल्याच महिन्यात लेखी विचारा.

पोलीस ठाण्याच्या अहवालावर ढकलणं हे नेहमीचं उत्तर. अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही तर त्याची वाट न पाहता निर्णय देण्याची मुभा शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्येच आहे. अधिकारी ती क्वचित वापरतात, तरी अर्जात कलम लिहून आठवण करून द्या. आवाज चढवू नका, कागद वाढवा.

परवाना कुठे चालेल त्या क्षेत्राच्या रकान्यात घाईने फक्त स्वतःचा जिल्हा लिहिला, तर पहिल्याच बाहेरच्या स्पर्धेला रायफल घरी ठेवून जावं लागतं. स्पर्धांची पत्रकं जोडून संपूर्ण भारतासाठी मागा.

परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीनऐवजी पाच वर्षं झाली. ते ऐकून जुन्या परवान्यावर मनानेच दोन वर्षं वाढवून घेणारे भेटले आहेत. तुमच्या पानावर छापलेली तारीखच धरा आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याच्या दोन महिने तरी आधी द्या.

नकार आलाच तर तोंडी घेऊ नका. कलम १४ प्रमाणे कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर, सार्वजनिक हिताची अडचण नसेल तर, ती द्यावी लागतात. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून नकार देता येत नाही. कलम १८ चं अपील त्या लेखी कारणांवरच उभं राहतं आणि त्याची मुदत थोडी असते, म्हणून आदेश ज्या दिवशी हातात पडला ती तारीख त्याच पानावर लिहून ठेवा.