ताप नसलेला मेंदूज्वर: दुबळी प्रतिकारशक्ती आणि विषाणू

मेंदूज्वर म्हटलं की ताप, आखडलेली मान आणि पाठीच्या पाण्यात (मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) वाढलेल्या पांढऱ्या पेशी डोळ्यांपुढे येतात. ही लक्षणं बरीचशी शरीराच्या प्रतिकारातून उमटतात. प्रतिकारशक्तीच दुबळी असेल तर विषाणू मेंदूत पोचूनही यातलं फारसं दिसत नाही. माणूस दोन दिवस गप्प बसतो, भलतंच बोलतो किंवा एखादी फिट येते, एवढंच. पाण्यात पेशी शून्य निघाल्या म्हणून घरी पाठवलेला रुग्ण आठवड्यात बेशुद्ध होऊन परत येतो.

कोल्हापुरात असे रुग्ण कोण? मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी किंवा रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्तीच्या बी-पेशी घटवणारं औषध) चालू असलेले, एचआयव्हीबाधित. शिवाय एक गट फाइलमध्ये सापडत नाही: सांधेदुखीवर बिनलेबलच्या पुड्या खाणारे. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. रोज 20 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दोन आठवडे पोटात गेलं तरी प्रतिकारशक्ती दबली असं धरतात. म्हणून ‘कोणती औषधं चालू आहेत?’ एवढ्यावर न थांबता ‘पुडी कुठून आणता का?’ हेही विचारायचं.

हे आजार वैद्यकाच्या यशामागून आले आहेत. 1958 मध्ये ओस्त्रोम, मँकॉल आणि रिचर्डसन यांनी रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या रुग्णांत मेंदूचा पांढरा भाग जागोजागी झिजवणारा आजार नोंदवला. तोच पीएमएल (प्रोग्रेसिव्ह मल्टिफोकल ल्यूकोएन्सेफॅलोपॅथी). सूज नाही, ताप नाही, त्यामुळे हा संसर्ग आहे हे उघड दिसत नव्हतं. 1965 मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पेशींच्या केंद्रकात विषाणूचे कण दिसले. 1971 मध्ये पॅजेट आणि सहकाऱ्यांनी मानवी गर्भाच्या मेंदूपेशींत तो वाढवला आणि रुग्णाच्या आद्याक्षरांवरून त्याला जेसी म्हटलं. निम्म्याहून अधिक प्रौढांच्या अंगात हा विषाणू मूत्रपिंडात निमूट पडून असतो.

1981 नंतर एड्सने ही दुर्मीळ गोष्ट नेहमीची केली. 1996 च्या सुमारास तीन औषधांचा उपचार आला आणि उलटाच प्रकार दिसू लागला: सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या) पेशी वाढायला लागल्या की काही आठवड्यांत काही रुग्ण जास्त बिघडायचे. परतलेली प्रतिकारशक्ती मेंदूतल्या विषाणूवर तुटून पडते आणि सूज येते. अशा वेळी घाबरून एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) बंद करणं ही नेहमीची चूक. पुढे मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजारावरचं नॅटॅलिझुमॅब 2004 मध्ये बाजारात आलं आणि पीएमएलच्या रुग्णांमुळे 2005 च्या फेब्रुवारीत मागे घ्यावं लागलं; 2006 मध्ये ते कडक देखरेखीखाली परत आलं. पीएमएलवर थेट औषध आजही नाही. हरवलेली प्रतिकारशक्ती परत आणणं, एवढाच मार्ग.

भारतात एचआयव्ही 1986 मध्ये चेन्नईत प्रथम आढळला. मोफत एआरटी 1 एप्रिल 2004 पासून, आणि सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पुणे–बंगळूर महामार्गावरच्या जिल्ह्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मात्र इथे पीएमएल तुलनेने कमी नोंदला गेला. त्यामुळे आपल्याकडे विषाणूचा विचार करताना क्षय, क्रिप्टोकॉकस (बुरशी) आणि टॉक्सोप्लाझ्मा (परजीवी) यांच्या तपासण्या त्याच सुईत उरकायच्या असतात.

त्यासाठी पाठीचं पाणी चार नळ्यांत घेतात: साखर व प्रथिनांसाठी, पेशींसाठी, कल्चर आणि क्षयाच्या सीबीनॅट (जनुकीय) तपासणीसाठी, आणि विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआरसाठी. पीसीआरची नळी निर्जंतुक हवी, तिच्यात किमान 1 मिलि. पाणी हवं आणि ती 2 ते 8 अंशांवर राहायला हवी. पुण्या-मुंबईला कुरियरने जाणारा नमुना रात्रभर बर्फाच्या पॅकसह तिहेरी वेष्टनात जातो. तो गोठवून वितळवला, पुन्हा गोठवला की निकालावर भरवसा नाही. सुई टोचताना रक्त मिसळलं तर रक्तातला हीम पीसीआरची विक्रिया अडवतो. रक्तातली साखर त्याच वेळी काढली नाही, तर पाण्यातल्या साखरेच्या आकड्याला अर्थ उरत नाही. प्लेटलेट फार कमी असतील तर आधी त्या भराव्या लागतात.

हर्पीसचा पीसीआर पहिल्या तीन दिवसांत निगेटिव्ह येऊ शकतो. संशय पक्का असेल तर तीन ते सात दिवसांनी पुन्हा पाणी काढायचं, तोवर ॲसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध थांबवायचं नाही. या औषधाने 1980 च्या दशकात हर्पीस मेंदूज्वराचं मृत्यूचं प्रमाण खूप खाली आणलं. ज्यांच्या प्रयोगशाळेतून ते निघालं त्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 चं नोबेल मिळालं. डोस किलोला 10 मिलिग्रॅम, दर आठ तासांनी, 14 ते 21 दिवस. 60 किलोच्या माणसाला 600 मिलिग्रॅम 100 मिलि. सलाइनमधून एका तासात. घाईने ढकललं की मूत्रपिंडाच्या नलिकांत स्फटिक साचतात. प्रत्यारोपणाच्या रुग्णात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघून डोस कमी केला नाही, तर औषधानेच माणूस बरळू लागतो, हातापायाला झटके येतात, आणि मेंदूज्वर वाढला असं वाटून डोस आणखी वाढवला जातो!

प्रत्यारोपणानंतरच्या दोन विषाणूंवर ॲसायक्लोव्हिर पुरत नाही: स्टेमसेल रुग्णांत साधारण दोन ते सहा आठवड्यांत स्मृतीवर घाला घालणारा एचएचव्ही-6 (हर्पीसच्या कुळातला विषाणू) आणि त्याच कुळातला सायटोमेगॅलो. तिथे गॅन्सिक्लोव्हिर लागतं.

कोल्हापूर भागात सगळ्यात जास्त हातून निसटते ती नागीण, म्हणजे कांजिण्यांच्याच विषाणूने उठणारं पट्ट्यासारखं पुरळ. चंदगड-शाहूवाडीकडून येणारा रुग्ण पुष्कळदा आधी गेरू लावून, नागीण उतरवून घेऊन मग दवाखान्यात येतो. गोळ्यांचा खरा फायदा पुरळ आल्यापासून 72 तासांत, तो काळ तिथेच संपतो. प्रतिकारशक्ती दबलेली असेल तर 72 तासांनंतरही औषध द्यायचंच, आणि पुरळ एका पट्ट्याबाहेर पसरलं तर शिरेतून. कपाळ-डोळ्याच्या नागिणीनंतर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, विषाणू मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरून अर्धांगवायू घडवतो. तेव्हा पाण्यातला पीसीआर निगेटिव्ह असू शकतो; विषाणूविरुद्धचं प्रतिपिंड पाण्यात शोधावं लागतं आणि नमुना पाठवताना तसं लिहून मागावं लागतं. म्हणून नागीण कधी आली, कुठे आली, गोळ्या कितव्या दिवशी सुरू झाल्या हे फाइलवर असायला हवं. दोन महिन्यांनी लकवा झालेल्याला घेऊन येणारे नातेवाईक ते आपणहून सांगत नाहीत.