सड्यावरची झाडे कुणी तोडली?

कोल्हापुरातून भल्या पहाटे निघालेले कुटुंब राधानगरीमार्गे दाजीपूरला पोहोचते, तेव्हा सुमारे ८० किलोमीटरचा प्रवास झालेला असतो आणि मागच्या सीटवरच्या मुलांनी डब्यातल्या निम्म्या दशम्या संपवलेल्या असतात. कोल्हापूर संस्थानच्या काळात हे शिकारीचे रान होते. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराष्ट्रातले हे पहिलेच. १९८५ मध्ये विस्तार होऊन त्याचे क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर झाले, आणि आज ते राधानगरी अभयारण्य या नावाने ओळखले जाते.

गेल्या जानेवारीत आम्ही घरातली सात माणसे वनविभागाची परवानगी काढून, स्थानिक वाटाड्याला सोबत घेऊन तिथे चालायला गेलो होतो. वाट अंजनी आणि जांभळाच्या गर्द सावलीतून चढत होती. वर फांद्यांमध्ये एका शेकराची लांब शेपटी हेलकावत होती, म्हणून सगळ्यांच्या माना वर होत्या. तेवढ्यात वीस-पंचवीस पावलांत रान संपले आणि समोर करपल्यासारखा दिसणारा, खरबरीत दगडाचा उघडा माळ पसरला. नऊ वर्षांच्या पुतणीने लगेच विचारले, "काका, हितली झाडं कुणी तोडली?"

कुणीच नाही. त्या माळाला आपल्याकडे सडा म्हणतात, आणि तो उघडा असण्याचे कारण त्याच्या दगडातच आहे.

सह्याद्रीचा मूळ दगड म्हणजे काळा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. उष्ण हवा आणि धो धो पाऊस यांच्या माऱ्याखाली असा दगड लाखो वर्षे राहिला, की पाणी त्यातले विरघळणारे घटक एकेक करून धुऊन नेते. आधी कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम जातात, मग हळूहळू सिलिकाही जाते, आणि मागे उरतात ती मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे. हाच आपला जांभा. त्याचा तांबडा रंग लोहाच्या गंजाचा असतो. जिथे ॲल्युमिनियमचे प्रमाण बरेच वाढते, तिथे त्याच प्रक्रियेतून बॉक्साइट तयार होते, आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात त्याचे साठे आहेत. जांभा खाणीत ओला असतो तोवर मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. कोकणातल्या घरांचे चिरे याच गुणावर काढले जातात. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात हे पाहूनच १८०७ मध्ये या दगडाला विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून 'लॅटेराइट' असे नाव दिले.

असा कडक थर डोंगरमाथ्यावर उघडा पडला, की त्यावर माती टिकत नाही. टिकली तरी खळग्यात, बोट-दोन बोटे. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि घाटमाथ्यावर त्याच्या तिप्पट-चौपट. म्हणजे पाण्याची ददात नसावी. पण तो सगळा चार महिन्यांत कोसळतो. सडा तेव्हा परातीसारखा भरतो आणि मार्च-एप्रिलमध्ये तव्यासारखा तापतो. झाडाचे मूळ खोल शिरण्याआधीच पहिला उन्हाळा येतो आणि रोप जळते. उतारावर मात्र धुऊन आलेली माती साचते, ओल टिकते, आणि म्हणून रान तिथपर्यंतच येऊन थांबते.

झाडे नाहीत म्हणजे जीव नाहीत, असे मात्र नव्हे. पावसाळ्यात हे जंगल पर्यटकांना बंद असते, पण श्रावण-भाद्रपदात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर मुलांना नेले, तर जांभ्यावरची तशीच दुनिया पाहायला मिळते. तिथे एक भिंग जवळ असावे. निळसर-जांभळ्या फुलांची 'सीतेची आसवे' ही इवलीशी वनस्पती वरून निरागस दिसते; तिचा उद्योग चिखलात चालतो. तिला मिलिमीटरभर आकाराच्या, झडप असलेल्या पिशव्या असतात. वनस्पती पिशवीतले पाणी बाहेर काढून आत दाब कमी करते. एखाद्या सूक्ष्म जीवाचा दाराजवळच्या केसांना धक्का लागला, की झडप उघडते आणि तो पाण्यासकट एक मिलिसेकंदाच्या आत आत ओढला जातो. शेजारीच दवबिंदू ही वनस्पती असेल. तिच्या पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब चमकतात. त्यावर बसलेले चिलट उडू पाहते आणि आणखी गुंतते. हा खटाटोप नायट्रोजनसाठी. वारंवार धुपणाऱ्या त्या बोटभर मातीत तो फार कमी असतो, म्हणून ही झाडे तो किड्यांकडून वसूल करतात.

सड्यावरच्या गवतासाठी गवेही येतात. वाटाड्याने आम्हाला कडेच्या सुकलेल्या चिखलातला एक ठसा दाखवला. दोन फाकांच्या त्या खुरात माझा तळहात जवळजवळ मावला. गव्याला सर्रास 'बायसन' म्हटले जाते आणि आपल्याकडे 'गवा रेडा'ही, पण तो बायसन नाही आणि रेडाही नाही. तो गाईच्याच प्रजातीगणातला आहे. मोठ्या नराचे वजन १००० किलोपर्यंत जाते. चारही पायांना गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात, ती त्याची सहज ओळख. सकाळ-संध्याकाळ तो उघड्यावर चरतो आणि ऊन चढले की सावलीत रवंथ करतो. म्हणजे एकाच दिवसात त्याला सडाही लागतो आणि रानही. दाट झाडीच्या कडेला मुलांना हाताशी ठेवायचे आणि बडबड थांबवायची, ती अवचित गाठ पडू नये म्हणून.

सरकारी कागदांवर आणि आपल्या बोलण्यात सड्यांना सहज 'पडीक' म्हटले जाते, आणि मग उत्साही मंडळी तिथे खड्डे खणून रोपे लावायला निघतात. माझ्या मते हा उत्साह चुकीच्या जागी आहे. जांभा फोडून टाकलेली माती एका पावसात वाहून जाते आणि खळग्यातला मूळ थर मात्र कायमचा विस्कटतो.

उतरताना वाटाड्याने आम्हाला सड्याच्या कडेखाली नेले. जांभा चाळणीसारखा सच्छिद्र असतो. भेगांतून मुरलेले पावसाचे पाणी खालच्या चिकणमातीच्या थराशी अडते आणि कडेने झिरपत बाहेर येते. पाऊस थांबून तीन महिने झाले होते, तरी तिथे शेवाळलेल्या दगडावरून थेंब पडत होते. असेच ओहोळ पुढे भोगावतीला मिळतात, आणि भोगावती पंचगंगेला. पुतणीने थेंबाखाली ओंजळ धरली आणि मोजायला लागली. साठाला पोहोचली तेव्हा ओंजळीचा तळ जेमतेम झाकला होता, आणि वर सड्यावरचा दगड हात लावू नये इतका तापला होता.