गावच्या हायवेवर चार्जिंग स्टेशन टाकायचंय? चार्जर सगळ्यात शेवटी घ्या

लालबाग, भांडुप, बोरिवलीतल्या ज्या घरांची गावची जमीन मुंबई-गोवा हायवेला लागून आहे, तिथे गणपतीला भाऊबंद जमले की हल्ली एक विषय हमखास निघतो. आपल्या जागेत इलेक्ट्रिक गाड्यांचं (ईव्ही) मोठं चार्जिंग स्टेशन टाकता येईल का? येईल, आणि त्याला लायसन्स लागत नाही. गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री नव्हे, सेवा आहे, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच स्पष्ट केलंय. त्यामुळे एकटा माणूस असो, भागीदारी असो की कंपनी, पात्रतेची वेगळी अट नाही.

लायसन्स नाही म्हणजे परवानग्याही नाहीत, असं समजून लोक फसतात. माझ्या ओळखीतल्या एकाने आधी चार्जर मागवले. वीज यायच्या आत एक अख्खा पावसाळा ते ताडपत्रीखाली गेले.

पहिला कागद रस्त्याचा. जमीन हायवेला टेकलेली असली तरी तिथून गाड्या आत-बाहेर करायचा हक्क आपोआप मिळत नाही. राष्ट्रीय महामार्ग असेल तर महामार्ग खात्याची प्रवेश परवानगी लागते. त्यासाठी जागेचा नकाशा, वळणाची लेन, पाण्याचा निचरा हे सगळं आराखड्यात दाखवावं लागतं. राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जा. रस्त्याच्या मध्यापासून मोजली जाणारी बांधकाम रेषा आणि नियंत्रण रेषा, म्हणजे रस्त्यालगत कुठपर्यंत बांधकामाला बंदी किंवा बंधन आहे, ते आधी समजून घ्या, नाहीतर शेड नेमकी त्या पट्ट्यात उभी राहते. आणि जमीन समृद्धी किंवा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला लागून असेल तर हा बेत सोडून द्या. हे रस्ते बंदिस्त आहेत, खासगी प्लॉटमधून त्यांवर तोंड काढता येत नाही.

दुसरी गोष्ट वीज, आणि खरी परीक्षा इथेच आहे. १२० किलोवॉटचे चार चार्जर म्हणजे ४८० किलोवॉट. गावच्या डीपीवर, म्हणजे गावाच्या सामायिक ट्रान्सफॉर्मरवर, हे चालणार नाही. हे काम उच्चदाबाचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मर तुमचा स्वतःचा. म्हणून अर्ज भरण्याआधी महावितरणच्या उपविभागात जाऊन दोनच प्रश्न विचारा: जवळच्या सबस्टेशनवर एवढा लोड शिल्लक आहे का, आणि जागेजवळून जाणारा फिडर (सबस्टेशनवरून निघणारी लाइन) गावठाणाचा की शेतीचा? शेतीच्या फिडरवर चोवीस तास वीज नसते. रात्री दोन वाजता गोव्याहून परतणारा गाडीवाला अशा ठिकाणी एकदाच थांबेल.

नवी लाइन स्वतःच्या खर्चाने ओढायची तयारी असेल तर डीडीएफ (फक्त तुमच्यासाठीची स्वतंत्र वितरण सुविधा) हा मार्ग आहे. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यायचं आणि महावितरणला १.३ टक्के पर्यवेक्षण शुल्क भरायचं. ठेकेदारांच्या तोंडी ‘वन पॉइंट थ्री’ म्हणतात ते हेच. ग्रामीण भागात नवं कनेक्शन १५ दिवसांत आणि डोंगराळ भागात ३० दिवसांत देण्याचा केंद्राचा २०२४ चा नियम आहे. पण खांब उभे करायचे असतील, सबस्टेशनची क्षमता वाढवायची असेल, तर त्या दिवसांच्या हिशेबावर बँकेचा हप्ता बांधू नका.

आता जमीन. कोकणातला सातबारा उघडलात की पणजोबांपासून चुलत आत्येपर्यंत नावं निघतात, आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात एखादं कूळ बसलेलं असतं. प्रत्येक सहहिस्सेदाराची लेखी संमती लागते. तोंडी ‘कर रे बाबा तू’ याला अर्थ नाही. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेली जमीन असेल तर प्रकरण महसूल खात्याच्या परवानगीकडे जातं. पालघर-शहापूरकडे आदिवासी खातेदाराची जमीन भाड्याने घेणार असाल तर तिथेही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी. भाडेकरार एक वर्षाच्या वरचा असेल तर त्याची नोंदणी सक्तीची आहे, नोटरीवर भागत नाही. बिगरशेती वापर आणि बांधकाम परवानगी यांबद्दल तहसील आणि नगररचना कार्यालयात विचारा. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला फाइलला हवा, पण तो म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे.

फाइलमध्ये ताजा सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणी नकाशा, संमतीपत्रं किंवा नोंदणीकृत भाडेकरार, पॅन, आधार, कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव, जीएसटी नोंदणी, लोडचा तपशील आणि ठेकेदाराने सही केलेला एकरेषीय विद्युत आराखडा ठेवा. सातबारावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळतंय का, हे मुंबईहून निघायच्या आधीच तपासा. ‘गंगाराम’चं ‘गंगाधर’ झालेलं मी पाहिलंय, आणि त्या दोन अक्षरांसाठी दोन फेऱ्या झाल्या.

अनुदानाबद्दल फार ऐकायला येतं. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवलेत. पण हायवेकाठच्या खासगी जागेला मिळालंच तर ट्रान्सफॉर्मर, केबल अशा वीजजोडणीच्या भागावर ८० टक्के मिळतं, चार्जरवर नाही. अर्जही तुम्ही थेट करायचा नसतो, तो सरकारी यंत्रणेमार्फत जातो. महाराष्ट्रात हे काम बघणारी नोडल संस्था महावितरण आहे. अनुदान शून्य धरून गणित जमत असेल तरच पुढे जा, हे माझं मत.

चार्जर निवडताना एक बारकावा. १२० किलोवॉटच्या दोन गनवाल्या (गन म्हणजे गाडीत खुपसायचा प्लग) यंत्राला दोन गाड्या लावल्या की ताकद बहुधा वाटली जाते, दोघांना साठ-साठ. बस आणि ट्रकसाठी जागा ठेवणार असाल तर ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत किमान १०० किलोवॉटचे दोन चार्जर सांगितले होते. सीसीएस-२ (जलद चार्जिंगच्या प्लगचा एक प्रकार) गन असलेली यंत्रं घ्या, आणि कोकणात यंत्रांचा ओटा पुराच्या पातळीच्या वर बांधा.

काम पूर्ण झालं की विद्युत निरीक्षक येऊन अर्थिंगपासून ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणापर्यंत सगळं बघतात. त्यांचं मंजुरीपत्र हातात पडल्याशिवाय उच्चदाबाचा पुरवठा सुरू होत नाही. पुरवठ्याला स्वतंत्र ईव्ही दर लावलाय का, ते पहिल्याच बिलावर बघा. व्यावसायिक दर लागला असेल तर त्याच आठवड्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.