आधी पंखा, मग इंजिन

व्हॉट्सअ‍ॅपवर दर काही महिन्यांनी तोच व्हिडिओ नव्या गावाच्या नावाने फिरतो. कुणी हुन्नरी मेकॅनिक, लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर मारुती 800चं इंजिन आणि पुढे पंखा. इंजिन धडधडतं, धुरळा उडतो, विमान जेमतेम चार हात सरकतं आणि खाली प्रतिक्रिया येतात: ‘सरकार परवानगी देत नाही हो, नाहीतर आपली पोरं कुठच्या कुठे गेली असती.’ परवानगीचं दुखणं खरं आहे. कांदिवलीच्या चारकोपला गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांना त्यासाठी किती झगडावं लागलं, ते आपण वाचलंय. पण व्हिडिओतलं विमान अडलंय ते परवानगीपायी नव्हे, पंख्यापायी.

जुन्या मारुती 800चं इंजिन 796 सीसीचं. ते सुमारे 37 अश्वशक्ती देतं, पण मिनिटाला 5000च्या आसपास फेरे घेतल्यावर. आता 1930च्या दशकात अमेरिकेत निघालेलं ‘टेलर कब’ बघा. दोन माणसांचं विमान, इंजिन कॉन्टिनेन्टल ए-40, शक्ती तीच, 37. ते उडायचं. फरक एवढाच की त्या इंजिनाचं पोट 1.9 लिटरचं होतं आणि 37 अश्वशक्ती ते 2550 फेऱ्यांनाच द्यायचं. जाहिरातीत अश्वशक्तीचा आकडा ठळक छापतात. घरी विमान बांधणाऱ्याने त्याच्या शेजारचा, बारीक टायपातला फेऱ्यांचा आकडा आधी वाचावा.

कारण पंख्याच्या टोकाला एक मर्यादा असते. ध्वनीचा वेग 15 अंश तापमानाला सेकंदाला 340 मीटर. टोकाचा वेग त्याच्या फार जवळ गेला की पात्याच्या फुगीर पाठीवरून जाणारी हवा ध्वनीचा वेग ओलांडते, तिथे आघातलहरी तयार होतात आणि शक्ती पुढे ओढण्याऐवजी कर्कश आवाजात व विरोधात वाया जाते. म्हणून टोक सेकंदाला 270 मीटरच्या आत ठेवू असं धरा. पंखा थेट इंजिनाला जोडला आणि फेरे 5000 असले तर हिशेबाने व्यास फक्त 1.03 मीटर निघतो. फेरे 2500 असले तर 2.06 मीटर. व्यास दुप्पट म्हणजे पंखा फिरताना जी चकती व्यापतो तिचं क्षेत्रफळ चौपट.

क्षेत्रफळाचं एवढं काय, तर इथेच मला या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट सापडते. पंखा विमानाला ओढतो म्हणजे हवा मागे लोटतो. रेटा म्हणजे दर सेकंदाला लोटलेल्या हवेचं वस्तुमान गुणिले तिचा वाढलेला वेग. पण त्या हवेला दिलेली ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गावर जाते. शाळेतलं अर्धा एमव्ही वर्ग आठवा. म्हणजे दुप्पट हवा निम्म्या वेगाने लोटली तर रेटा तेवढाच मिळतो आणि खर्च निम्मा होतो. थोडी हवा जोरात फेकणं हा उधळेपणा. पुष्कळ हवा सावकाश ढकलणं हा शहाणपणा. विमान जागेवर उभं असताना आदर्श पंख्यासाठी याचं सूत्र असं येतं: रेट्याचा घन = 2 × हवेची घनता × चकतीचं क्षेत्रफळ × शक्तीचा वर्ग. घनता 1.2 किलो प्रति घनमीटर आणि शक्ती 27.6 किलोवॅट घातली, की मीटरभर पंख्याचा रेटा सुमारे 117 किलो येतो, दोन मीटरच्या पंख्याचा 186 किलो. इंजिनाची शक्ती तीच, पेट्रोलही जवळपास तेवढंच, आणि रेटा दीडपटीहून जास्त. हे झाले कागदावरचे आकडे. प्रत्यक्षात यातला पाऊण हिस्सा हाती लागला तरी पुष्कळ. शिवाय मीटरभराच्या पंख्यामागे अर्धा मीटर रुंद इंजिन आणि रेडिएटर बसवला की चकतीचा बराचसा भाग त्यांच्यावरच वारा मारत बसतो.

वेग वाढतो तसा हा फरक कमी होतो. शर्यतीची छोटी विमानं मुद्दाम आखूड पंखे लावून फेरे वाढवतात. पण आपल्याला आधी धावपट्टीवरून उठायचंय.

राइट बंधूंना हे 1903 साली पक्कं ठाऊक होतं. त्यांचं इंजिन जेमतेम 12 अश्वशक्तीचं. त्याला त्यांनी साडेआठ फुटी दोन पंखे जोडले आणि मधे साखळी व दातेरी चाकं घालून पंख्यांचे फेरे मिनिटाला सुमारे 350वर आणले. पंख्याचं गणित त्यांना कुठे तयार मिळालं नाही, ते त्यांनी स्वतः मांडलं. (आपल्याकडे 1895 साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर पाऱ्यावर चालणारं विमान उडवल्याची कथा अजून हौसेने सांगतात. तिच्या आधारासाठी पुढे केल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 साली तपासणी केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आणि त्यातली विमानं न उडणारी, असा निष्कर्ष निघाला. तळपदे खटपटे होते म्हणून त्यांच्या नावावर पारा खपवायची गरज नाही.)

मग मारुतीच्या इंजिनालाही गिअर लावून फेरे कमी करावेत की! करता येतात. रोटॅक्स 912 यूएलएस हे लोकप्रिय इंजिन तेच करतं: 5800 फेऱ्यांना 100 अश्वशक्ती आणि 2.43 पटीचा गिअर, म्हणजे पंख्याला सुमारे 2390 फेरे. पण गॅरेजात केलेल्या गिअर-पट्ट्यांचा कर्दनकाळ म्हणजे पिळाची कंपनं. तीन सिलिंडरचं चार स्ट्रोकी इंजिन एका फेऱ्यात दीड ठोका देतं. 1000 फेऱ्यांना सेकंदाला 25 ठोके, 5000ला 125. एका टोकाला हे ठोके, दुसऱ्या टोकाला जड पंखा आणि मधला दांडा म्हणजे पिळली जाणारी स्प्रिंग. या जोडीची स्वतःची एक वारंवारता असते. ठोके नेमके तिच्यावर पडले की झोक्याला वेळेवर रेटा दिल्यासारखी कंपनं चढत जातात आणि गिअरचे दाते, बोल्ट किंवा खुद्द क्रँकशाफ्ट तुटतो. रोटॅक्सच्या गिअरपेटीत यासाठी धक्के शोषणारी रचना असते. लाकडी पंखा कंपनं बऱ्यापैकी जिरवतो, धातूचा नाही. म्हणून धातूचा पंखा कोणत्या इंजिनावर चालेल ते निर्मात्याला विचारूनच ठरवावं. भर उन्हात ताशी साठने कार हाकताना इंजिनाची थोडीशीच ताकद लागते, विमानात मात्र तासन् तास पाऊण ताकद, हा मुद्दा वेगळाच.

मोटारीचं इंजिन मुळातच वाईट असंही नाही. 1929 साली मिनेसोटात बर्नार्ड पीटनपोल यांनी फोर्ड मॉडेल ए गाडीचं 3.3 लिटरचं इंजिन विमानावर बसवलं, शक्ती सुमारे 40, आणि त्या आराखड्यावर लोक आजही विमानं बांधतात. ते जमलं कारण ते इंजिन मंद होतं.

व्यास ठरला की पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा स्क्रूसारखा किती पुढे जाईल ते अंतर. सेसना 150वर 69 इंच व्यास आणि 48 इंच पिचचा पंखा सर्रास दिसतो. 2750 फेऱ्यांना 48 इंच म्हणजे ताशी सुमारे 200 किलोमीटर, आणि त्या विमानाचा कमाल वेग जवळपास तेवढाच. (हवेत पंखा थोडा घसरणार, पिचएवढा पुढे जाणार नाही; मग इथे घसरण शून्य कशी? पिच मोजतात पात्याच्या सपाट बाजूवरून, आणि फुगीर पातं त्या कोनालाही थोडं ओढतच असतं.) पिच कमी ठेवली तर विमान चटकन चढतं, पण सरळ उडताना फेरे मर्यादेबाहेर पळतात. जास्त ठेवली तर वेग मिळतो आणि धावपट्टी पुरत नाही.

पंखा बसवल्यावर पहिली परीक्षा जमिनीवरच. चाकांना ओंडके लावा, शेपूट भक्कम खुंट्याला बांधा, पंख्याच्या पुढे आणि फिरण्याच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. कमाल 2750 फेऱ्यांच्या इंजिनाने उभ्या विमानात अडीच हजारांच्या अलीकडे-पलीकडे थांबावं. 2200लाच दम लागला तर पिच जास्त आहे, पंखा सुताराकडे परत. उभ्यानेच 2750 गाठले तर पिच कमी आहे, आणि लाकूड तासून पिच उतरवता येते, चढवता येत नाही. नवा पंखा सांगावा लागतो.