यूएसबी ट्यूनर लावून संगणकावर टीव्ही: बघणं, साठवणं आणि कुठे अडतं ते

पेनड्राइव्हएवढ्या यूएसबी ट्यूनरच्या एका टोकाला अँटेनाची केबल लागते आणि दुसरं टोक संगणकात जातं. आतल्या छोट्याशा पट्टीवर खरं काम दोन चिप करतात. पहिली म्हणजे ट्यूनर. अँटेनाने गोळा केलेल्या शेकडो मेगाहर्ट्‌झच्या पसाऱ्यातून ती ६, ७ किंवा ८ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा एकच पट्टा निवडते आणि खालच्या वारंवारतेवर उतरवते. दुसरी चिप म्हणजे डिमॉड्युलेटर. ती त्या पट्ट्यातल्या लहरींमधून शून्य-एकची मालिका वाचते, वाटेत शिरलेल्या चुका दुरुस्त करते आणि तयार झालेला प्रवाह यूएसबीवरून संगणकाला देते. चित्र उलगडणं, आवाज त्याच्याशी जुळवणं, पडद्यावर दाखवणं ही सगळी संगणकाची जबाबदारी.

कामाची ही वाटणी लक्षात घेतली की बऱ्याच शंका आपोआप मिटतात. रेकॉर्डिंग करताना संगणक काहीही ‘चित्रित’ करत नाही. केंद्राने पाठवलेले बिट जसेच्या तसे फाइलमध्ये उतरवतो. म्हणूनच दहा वर्षांपूर्वीचा संगणकसुद्धा हे काम जवळजवळ न दमता करतो, आणि स्वस्त ट्यूनरने घेतलेलं रेकॉर्डिंग महागड्या ट्यूनरच्या रेकॉर्डिंगपेक्षा दर्जाने कमी नसतं. दोघांनाही सिग्नल नीट लागलेला असला की झालं. ॲनालॉग काळात असं नव्हतं. ७२० गुणिले ५७६ बिंदूंचं चित्र सेकंदाला २५ वेळा घेतलं की प्रत्येक सेकंदाला सुमारे १६६ मेगाबिट माहिती तयार होई. ती तिथल्या तिथे दाबून बसवावी लागे आणि त्यात चित्राचा दर्जा हमखास घसरे.

हवेतून येणारा डिजिटल प्रवाह १८८ बाइटच्या पॅकेटचा बनलेला असतो. एकाच मालगाडीला वेगवेगळ्या व्यापाऱ्यांचे डबे जोडावेत तशी त्यात अनेक वाहिन्यांची पॅकेट एकामागोमाग येतात आणि प्रत्येकावर १३ बिटचा ओळखक्रमांक असतो. या सामाईक प्रवाहाला मल्टिप्लेक्स म्हणतात. अमेरिकी एटीएससी पद्धतीत ६ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातून सेकंदाला १९.३९ मेगाबिट येतात, डीव्हीबी-टी पद्धतीत ८ मेगाहर्ट्‌झमधून बहुधा २४ मेगाबिटच्या आसपास आणि डीव्हीबी-टी२ मधून ४० मेगाबिटपर्यंत सहज. यूएसबी २.० ची क्षमता ४८० मेगाबिटची असल्यामुळे पूर्ण मल्टिप्लेक्स त्यातून आरामात जातो. वेगवान पोर्ट शोधण्यात काही फायदा नाही.

यातून एक सोय मिळते, जी अनेकांना माहीत नसते. एक ट्यूनर एका वेळी एकच पट्टा पकडतो, पण त्या पट्ट्यातल्या सगळ्या वाहिन्या त्याच्या हातात असतात. त्यामुळे एकाच मल्टिप्लेक्समधल्या तीन वाहिन्या एकदम रेकॉर्ड करता येतात आणि त्याच वेळी चौथी बघताही येते. वेगळ्या मल्टिप्लेक्समधली वाहिनी हवी असेल तर मात्र दुसरा ट्यूनर लागतो. दुहेरी ट्यूनर घेण्याआधी आपल्या आवडीच्या वाहिन्या कोणकोणत्या मल्टिप्लेक्समध्ये आहेत ते पाहून घ्यावं. कदाचित एकानेच भागेल.

खरेदीच्या वेळी सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे प्रक्षेपण एका पद्धतीचं आणि ट्यूनर दुसऱ्या पद्धतीचा. युरोप, भारत, ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत डीव्हीबी-टी किंवा टी२ चालतं, उत्तर अमेरिकेत आणि दक्षिण कोरियात एटीएससी, जपान व ब्राझीलमध्ये आयएसडीबी-टी आणि चीनमध्ये डीटीएमबी. टी२ चा ट्यूनर सहसा जुनं टी प्रक्षेपणही वाचतो. उलट मात्र होत नाही. रिअलटेकची आरटीएल२८३२यू ही चिप असलेले स्वस्त डोंगल (पेनड्राइव्हसारखे ट्यूनर) फक्त डीव्हीबी-टी ओळखतात, त्यामुळे टी२ च्या प्रदेशात ते टीव्हीसाठी निरुपयोगी ठरतात. (याच चिपमधून कच्च्या रेडिओ लहरींचे नमुने थेट काढता येतात हे २०१२ मध्ये सर्वदूर कळलं आणि जगभरच्या हौशी लोकांना स्वस्तात सॉफ्टवेअर रेडिओ, म्हणजे संगणकावरच्या प्रोग्रामने लहरी वाचणारा रेडिओ, मिळाला. त्या कामासाठी हे डोंगल आजही उत्तम आहेत.) केबल आणि उपग्रह यांच्यासाठी डिमॉड्युलेटर वेगळा लागतो. सशुल्क वाहिन्यांचा प्रवाह कूटबद्ध असतो. तो ट्यूनरला मिळतो, फाइलमध्ये उतरतोही, पण अधिकृत कार्डाची सोय नसेल तर त्यातून चित्र निघत नाही.

अँटेना आणि सिग्नल

तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. डिजिटल सिग्नल हळूहळू खराब होत जात नाही. चुका दुरुस्त करण्याची मर्यादा ओलांडेपर्यंत चित्र निर्दोष असतं आणि त्यानंतर एक-दोन डेसिबलच्या (सिग्नलच्या ताकदीची तुलना करण्याचं एकक) फरकाने चौकोनी ठिगळं दिसतात, आवाज तुटतो, मग सगळंच थांबतं. ६४-क्वाम (लहरींवर बिट दाटीने भरण्याची एक पद्धत) वापरणाऱ्या डीव्हीबी-टी प्रक्षेपणाला साधारण १७ ते २० डेसिबल सिग्नल-गोंगाट गुणोत्तर, म्हणजे सिग्नल गोंगाटापेक्षा तेवढा वरचढ, लागतं, एटीएससीला साधारण १५. जेमतेम तेवढंच मिळत असेल तर संध्याकाळी सुरू झालेला पाऊस किंवा खिडकीसमोर उभी राहिलेली गाडी रेकॉर्डिंग बिघडवू शकते. किमान पाच-सहा डेसिबल हाताशी शिल्लक हवेत.

ट्यूनरसोबत मिळणारी चुंबकाच्या बुडाची छोटी काडी पाव तरंगलांबीची असते. ६०० मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी ५० सेंटिमीटर, म्हणजे काडी साडेबारा सेंटिमीटर. अशा अँटेनाला खाली धातूचा पृष्ठभाग लागतो. लाकडी टेबलावर ती अर्धवटच काम करते. २५ सेंटिमीटर रुंदीच्या लोखंडी पत्र्यावर ठेवली तर फरक लगेच आकड्यांत दिसतो. प्रक्षेपण आडव्या ध्रुवीकरणाचं, म्हणजे लहरी आडव्या डोलणारं, असेल तर उभी काडी बराच सिग्नल गमावते, अशा वेळी ती आडवी करून बघावी. प्रक्षेपण केंद्र दूर असेल तर मात्र छपरावरच्या दिशादर्शी अँटेनाला पर्याय नाही.

दुसरा शत्रू खुद्द संगणक. त्याच्या वीजपुरवठ्यातून आणि यूएसबी ३ च्या पोर्टमधून बाहेर पडणारा विद्युत-गोंगाट अगदी जवळच्या ट्यूनरला आणि काडीला भोवतो. मीटर-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून ट्यूनर दूर न्यावा. पाच मीटरच्या पुढे यूएसबी २.० ची साधी केबल भरवशाची राहत नाही, तिथून पुढचं अंतर अँटेनाच्या कोॲक्सियल केबलने कापावं. आरजी-६ जातीच्या केबलमध्ये ६०० मेगाहर्ट्‌झला दहा मीटरमागे दोनेक डेसिबल जातात. एका सिग्नलचे दोन भाग करणारा स्प्लिटर साडेतीन डेसिबल खातो. ॲम्प्लिफायर लावायचाच तर अँटेनाजवळ लावावा. केबलच्या शेवटी लावला तर आधीच क्षीण झालेल्या सिग्नलबरोबर गोंगाटही तितकाच वाढतो. केंद्राच्या जवळ राहणाऱ्यांनी तो लावूच नये, कारण जास्त ताकदीने ट्यूनर दबतो आणि सगळ्याच वाहिन्या फुटायला लागतात. मोबाइलचा मनोरा शेजारी असेल तर ४जी-५जीच्या लहरी अडवणारा फिल्टर केबलच्या मध्ये बसवावा.

सॉफ्टवेअर दोन आकडे दाखवतं, ताकद आणि दर्जा. अँटेना जुळवताना ताकदीच्या पट्टीकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. सिग्नल-गोंगाट गुणोत्तर आणि दुरुस्त न झालेल्या ब्लॉकची (माहितीच्या तुकड्यांची) संख्या या दोहोंकडे पाहावं. ही संख्या दहा मिनिटं शून्यावर राहिली की जागा पक्की समजायची. सगळ्या मल्टिप्लेक्सवर ही तपासणी करावी, कारण परावर्तित लहरींमुळे एका वारंवारतेला उत्तम असलेली जागा दुसरीला वाईट असू शकते.

ड्रायव्हर, स्कॅन, रेकॉर्डिंग

विंडोजमध्ये उत्पादकाचा ड्रायव्हर आधी टाकावा, मग ट्यूनर जोडावा. विंडोज १० पासून टीव्ही दाखवणारं मीडिया सेंटर काढून टाकलेलं असल्यामुळे वेगळा प्रोग्राम लागतो, उदाहरणार्थ नेक्स्टपीव्हीआर. लिनक्समध्ये अनेक ट्यूनरांचे ड्रायव्हर कर्नेलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतात, पण काही चिपना चालू होताना फर्मवेअरची, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची, फाइल द्यावी लागते. यूएसबी यादीत ट्यूनर दिसतो आणि टीव्हीचे प्रोग्राम मात्र ‘उपकरण नाही’ म्हणतात, असं झालं तर कर्नेलच्या नोंदी वाचाव्यात. कोणती फर्मवेअर फाइल सापडली नाही तिचं नाव तिथे लिहिलेलं असतं. वापरकर्ता ‘व्हिडिओ’ गटात नसेल तरी हाच अनुभव येतो. आरटीएल चिपवर सॉफ्टवेअर रेडिओचा ड्रायव्हर बसवलेला असेल तर टीव्हीचा ड्रायव्हर तिला हात लावू शकत नाही. एका वेळी दोहोंपैकी एकच.

त्यानंतर वाहिन्यांचा शोध. काहीच सापडलं नाही तर आधी पट्ट्याची रुंदी तपासा: ८ मेगाहर्ट्‌झच्या प्रक्षेपणाला ७ ची रुंदी दिली तर सिग्नल कितीही चांगला असो, ट्यूनर तो पकडत नाही. नुसतं बघायचं असेल तर व्हीएलसी प्लेअर पुरतो. नियमित रेकॉर्डिंगसाठी टीव्हीहेडएंडसारखा सर्व्हर चांगला. तो सतत मागे चालू राहतो, प्रक्षेपणाबरोबर येणारं कार्यक्रमपत्रक वाचतो आणि घरातल्या कुठल्याही ब्राउझरमधून ९९८१ क्रमांकाच्या पोर्टवर त्याला कामं सांगता येतात.

जागेचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला ८ मेगाबिटच्या वाहिनीला तासाला ३.६ गीगाबाइट लागतात, एटीएससीचा पूर्ण प्रवाह साठवला तर ८.७. वेग म्हणाल तर सेकंदाला एक मेगाबाइट, जुनी हार्ड डिस्कही तो पेलते. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क मात्र वापरू नये. तिच्यावर एक फाइल ४ गीगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणजे ८ मेगाबिटच्या वाहिनीचं रेकॉर्डिंग ७१ मिनिटांनी बंद पडणार. एनटीएफएस, एक्सफॅट किंवा एक्स्ट४ घ्यावी.

रात्री लावलेलं रेकॉर्डिंग सकाळी सापडत नाही, यामागे बहुधा संगणकाची झोप असते. रेकॉर्डिंगचा प्रोग्राम संगणकाला वेळेवर उठवतो, पण दरम्यान यूएसबी पोर्टची वीज गेलेली असल्याने ट्यूनरचं फर्मवेअर पुसलेलं असतं आणि तो पुन्हा ओळखला जात नाही. वीजबचतीच्या सेटिंगमध्ये यूएसबी सस्पेंड बंद करावं आणि पाच मिनिटांच्या कार्यक्रमावर झोप-जाग-रेकॉर्डिंग असा पूर्ण फेरा एकदा करून पाहावा. दोन ट्यूनर वीज नसलेल्या हबवर लावू नयेत: यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिॲम्पियरच देतो आणि तापलेले ट्यूनर तेवढ्यात भागवताना मध्येच गळतात. वेळापत्रकाच्या आधी दोन मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं जास्त धरावीत. खेळांच्या थेट प्रक्षेपणाला अर्धा तासही कमी पडतो.

चित्रात हलत्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसले तर सिग्नल दोषी नाही. प्रक्षेपण एकाआड एक ओळींचं आहे, प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू करावं. आवाज येतो आणि चित्र अडखळतं, तर बहुधा एचईव्हीसी या पद्धतीने दाबलेलं चित्र उलगडण्याची सोय ग्राफिक्स चिपमध्ये नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतो आहे. रेकॉर्डिंग तेव्हाही शाबूत असतं, दुसऱ्या संगणकावर ते नीट चालेल.

जाहिराती कापताना फाइल पुन्हा एन्कोड करू नये, म्हणजे चित्र नव्याने दाबू नये. एफएफएमपेग या प्रोग्रामला प्रवाह तसाच उतरवायला सांगितलं की तासाभराची फाइल मिनिटभरात तयार होते आणि दर्जाला धक्का लागत नाही. पण असा छेद फक्त पूर्ण चित्रापाशी, म्हणजे कीफ्रेमवर नीट बसतो, म्हणून हव्या त्या जागेच्या सेकंदभर आधी कापावं. क्वचित एखादी फाइल आपली लांबी २६ तास दाखवते किंवा तिच्यात पुढे सरकताच येत नाही. प्रवाहातली वेळ ९० किलोहर्ट्‌झच्या ३३ बिटच्या मोजणीत लिहिलेली असते, ती साडेसव्वीस तासांनी शून्यावर येते आणि हा क्षण नेमका कार्यक्रमाच्या मध्ये आलेला असतो. फाइलला काही झालेलं नसतं. ती त्याच पद्धतीने, एन्कोड न करता, एमकेव्ही प्रकारच्या फाइलमध्ये उतरवली की वेळा नव्याने लिहिल्या जातात आणि बहुतेक वेळा सरकणंही पूर्ववत होतं.