मॉर्मन सिद्धान्तांचे संभाव्य पूर्वस्रोत

अमेरिकेत उगम पावलेल्या, ख्रिस्ती परंपरेतील मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ (१८०५–१८४४) यांच्या शिकवणीत आधीच्या धर्मविचारांचे जे अंश दिसतात, त्यांच्या उगमाचा शोध. स्मिथ वाढले ते न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात. तेथे त्या काळी धर्मजागृतीच्या सभा वारंवार भरत आणि अनेक पंथ अनुयायी मिळवण्यासाठी चढाओढ करीत. १८३० साली पामायरा गावी ‘मॉर्मन ग्रंथ’ हा पंथाचा धर्मग्रंथ छापला गेला आणि ६ एप्रिल रोजी चर्चची स्थापना झाली. अनुयायांच्या मते ही शिकवण ईश्वराने प्रकट केलेली आहे; मूळ धर्म लोप पावला होता, तो स्मिथ यांच्याद्वारे पुन्हा स्थापन झाला. त्यामुळे इतरत्र साम्य आढळले, तरी ते त्याच मूळ सत्याचे उरलेले अवशेष ठरतात. इतिहासकाराला एवढ्यावर थांबता येत नाही. मात्र साम्य दिसले की उसनवारी सिद्ध झाली, असेही त्याला म्हणता येत नाही. कल्पना कोणत्या वाटेने पोहोचली, हे दाखवावे लागते.

बायबलची वाट निर्विवाद आहे. बायबलमधील यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचे २ ते १४ हे अध्याय मॉर्मन ग्रंथातील ‘दुसरा नेफी’ या भागात सलग येतात आणि त्यांची भाषा बरीचशी १६११ च्या इंग्रजी बायबलचीच आहे. धर्मसुधारक अलेक्झांडर कॅम्पबेल यांनी १८३१ मध्येच टीका केली की, बालकांच्या बाप्तिस्म्यापासून फ्रीमेसनरीपर्यंत (गुप्त विधी पाळणारी बंधुसंघटना) न्यूयॉर्कमध्ये नुकत्याच गाजलेल्या जवळजवळ प्रत्येक वादाचा निकाल या प्राचीन म्हणवल्या जाणाऱ्या ग्रंथात लागलेला आहे.

सर्वांत उद्बोधक उदाहरण तीन स्वर्गांचे आहे. १६ फेब्रुवारी १८३२ रोजी ओहायओतील हायरम येथे स्मिथ आणि त्यांचे सहकारी सिडनी रिग्डन बायबलची सुधारित आवृत्ती सिद्ध करीत होते. योहानाच्या शुभवर्तमानातील पुनरुत्थानाविषयीच्या वचनावर ते आले असता दोघांना दर्शन झाले: मृत्यूनंतर माणसांना सूर्य, चंद्र आणि तारे यांच्यासारख्या तीन दर्जांचे वैभव मिळते. स्वीडिश गूढवादी इमॅन्युएल स्वीडनबॉर्ग (१६८८–१७७२) यांनीही तीन स्वर्ग वर्णिले होते. त्यांच्या सर्वोच्च स्वर्गातील देवदूतांना प्रभू सूर्यासारखा, तर त्याखालच्यांना चंद्रासारखा दिसतो. साम्य लक्षणीय आहे. पण सूर्य, चंद्र व तारे यांच्या तेजाची उपमा पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातच आहे आणि ते पत्र स्मिथ आणि स्वीडनबॉर्ग या दोघांच्याही समोर होते. शिवाय एक मोठा फरक राहतोच. स्वीडनबॉर्ग यांचा नरक कायमचा आहे, तर स्मिथ यांच्या दर्शनात पापीही शिक्षा भोगून शेवटी खालच्या स्वर्गात पोहोचतात. चिरंतन नाश अगदी थोड्यांच्याच वाट्याला येतो. ही उदारता सर्वांचे तारण मानणाऱ्या युनिव्हर्सलिस्ट मताच्या जवळची आहे आणि स्मिथ यांचे आजोबा असाएल त्या मताचे होते. या एका गोष्टीपुरता स्वीडनबॉर्ग यांच्यापेक्षा घरचाच प्रभाव अधिक पटण्यासारखा वाटतो. तरीही प्रश्न सुटत नाही, कारण अवघ्या दोन वर्षांपूर्वीच्या मॉर्मन ग्रंथात सरसकट सर्वांचे तारण होईल असे सांगणारा उपदेशक खोटा ठरवला आहे. पुढे चर्चचे नेतृत्व करणाऱ्या ब्रिगहॅम यंग यांनाही हे दर्शन आपल्या पूर्वसंस्कारांच्या विरुद्ध वाटले होते.

विश्वास, पश्चात्ताप, पापक्षमेसाठी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा आणि पवित्र आत्म्याचे दान हा क्रम कॅम्पबेल यांच्या चळवळीतही होता आणि रिग्डन त्याच चळवळीतून आले. मात्र मॉर्मन पंथात ते नोव्हेंबर १८३० मध्ये आले. तोवर ग्रंथ छापून झाला होता. म्हणून त्यांचा प्रभाव पुढच्या काळातच शोधणे रास्त आहे.

फ्रीमेसनरीच्या बाबतीत तारखाच बोलतात. इलिनॉयमधील नॉवू येथे स्मिथ १५ मार्च १८४२ रोजी मेसन झाले आणि ४ मे रोजी आपल्या दुकानाच्या माडीवर त्यांनी मंदिरातील ‘एन्डाउमेंट’ हा दीक्षाविधी प्रथम केला. खुणा, हस्तसंकेत आणि गुप्ततेच्या शपथा यांचे साम्य त्यांच्या निकटवर्तीयांनाही जाणवले होते. मेसनरी ही प्राचीन याजकपदाची बिघडलेली आवृत्ती आहे, असे त्यांपैकी एक, हीबर किम्बल, यांनी त्याच वर्षी पत्रात लिहिले. मात्र मेसनांचे कथानक शलमोनाच्या मंदिराच्या बांधकामाभोवती फिरते, तर मॉर्मन विधीचे कथानक सृष्टीची उत्पत्ती आणि आदाम-हव्वा यांचे आहे. म्हणजे विधीचा साचा घेतला असला, तरी आशय वेगळा आहे.

देव एकेकाळी मनुष्य होता आणि मनुष्य देवपदाला पोहोचू शकतो, हे स्मिथ यांनी ७ एप्रिल १८४४ च्या प्रवचनात सांगितले. ‘आपण देव व्हावे म्हणून तो मनुष्य झाला’ असे चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माचार्य अथनेशियस म्हणाले होते. परंतु त्यांच्या लेखी निर्माता आणि निर्मित यांच्यातील अंतर कधीच मिटत नाही. शून्यातून सृष्टी झाली नाही, हे स्मिथ यांनी बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या हिब्रू शब्दांवरून मांडले. ती भाषा ते १८३६ मध्ये कर्टलंड येथे जोशुआ सेक्सास यांच्याकडे शिकले होते. स्कॉटिश लेखक थॉमस डिक यांच्या ग्रंथातील उतारे त्याच वर्षी मॉर्मन नियतकालिकात छापले गेले. असंख्य वस्तीयुक्त जगांची आणि अखंड प्रगती करणाऱ्या आत्म्यांची कल्पना त्यांच्याकडे आहे. तरी डिक शून्यातून निर्मिती मानत, आणि नेमका तोच मुद्दा स्मिथ यांनी नाकारला.